नको म्हणण्याची मुभा

नगर जिल्ह्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही शिकलेल्या माणसाला विचारावं, शिकताना तुम्ही राहिलात कुठे? ‘आपल्याच घरी’ असं उत्तर क्वचित मिळतं. पारनेर, अकोले, कर्जत, पाथर्डीच्या कितीतरी खेड्यांत शाळा चौथी नाहीतर सातवीपर्यंतच असे. पुढे शिकायचं तर गाव सोडायचं. कुणी रयतच्या नाहीतर जिल्हा मराठा संस्थेच्या बोर्डिंगात जाई, कुणी दोघातिघांत खोली घेऊन हातानं भाकरी थापे. आणि बरीचशी मुलं, त्यातही मुली, नात्यातल्या कुणाच्या तरी घरी राहत. आत्याकडे, मावशीकडे, आईच्या मामेभावाकडे. दुसऱ्याच्या बाहेरच्या खोलीत रात्री अंथरूण टाकायचं आणि सकाळी सगळे उठायच्या आत ते गुंडाळून ठेवायचं, असं करत इथल्या दोन पिढ्या शिकल्या.

मीही त्यांतलीच. १९८०च्या सुमारास पारनेर तालुक्यातल्या गावातून नगरला कॉलेजात आले आणि पदवी होईपर्यंत आईच्या एका नातेवाइकांकडे राहिले. माणसं चांगली होती. सुगी झाली की गावाहून बाजरीचं पोतं, हुलगे, शेंगदाणे यायचे. ते आले की पुढचे काही दिवस माझी मान जरा ताठ असायची. अधूनमधून आई डबा पाठवायची, तोही एसटीनं. त्या काळी सकाळच्या गाड्यांतून शहरात शिकणाऱ्या पोरांचे डबे यायचे. ड्रायव्हरच्या केबिनमागे फडक्यात बांधलेले, नावाची चिठ्ठी खोचलेले. माळीवाड्याच्या स्टँडवर जाऊन आपला डबा ओळखून उतरवून घ्यायचा.

त्या घरात मला कुणी लागेलसं बोललं नाही. तरी तिथं राहिले तेवढ्या काळात मी एकदाही ‘नको’ म्हटल्याचं आठवत नाही. वाढलं ते खाल्लं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी गहू निवडायला बोलावलं, निवडले. त्या घरच्या मुली माझ्याच वयाच्या. त्या सरळ म्हणायच्या, “आम्ही नाही जा, आम्हाला अभ्यास आहे.” त्यांची आई रागवायची आणि पाच मिनिटांत विसरायची. मला त्यांच्या कशाचा हेवा वाटत असेल तर त्या ‘आम्ही नाही जा’चा.

पुढे लग्न झालं, सावेडीच्या घरात आले, नोकरी केली, आणि ते सगळं मागं पडलं असं मला वाटत होतं. ते पुन्हा वर आलं २०१३ साली. त्या वर्षी आमची मुलगी शिकायला जर्मनीला गेली आणि मेक्सिकोहून एक मुलगी आमच्या घरी राहायला आली.

हे जमलं रोटरीच्या युवा विनिमय योजनेमुळे. योजना जुनी आहे. साधारण पंधरा ते एकोणीस वर्षांची मुलं शाळेचं एक वर्ष परदेशात काढतात, तिथल्या शाळेत जातात, तिथल्या कुटुंबात राहतात. ठेवून घेणारं कुटुंब त्याचे पैसे घेत नाही. वर्षभरात एकाच घरी न राहता मूल सहसा दोन-तीन घरं बदलतं. जे घर आपलं मूल पाठवतं ते बहुधा दुसऱ्याचं मूल ठेवूनही घेतं, पण ही अदलाबदल त्याच देशाशी होईल असं नसतं. आमची उत्तर जर्मनीतल्या एका लहान गावात गेली. आमच्याकडे आली ती मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या ओआहाका प्रांतातली. निळ्या ब्लेझरवर देशोदेशीचे बिल्ले लावलेली, सोळा वर्षांची, दमलेली मुलगी पुण्याच्या विमानतळावर आम्ही उतरवून घेतली तेव्हा श्रावण तोंडावर आला होता.

परदेशी म्हणजे इंग्रजी, हे आमच्या गल्लीनं धरूनच ठेवलं होतं. तिला इंग्रजी जेमतेम येत होतं, माझ्या सासूबाईंना अजिबात येत नव्हतं. त्यामुळे घरात तिची भाषा ठरली ती मराठी, आणि शिक्षिका ठरल्या सासूबाई. तिखटाचंही तसंच. शेजारच्या बायकांनी मला बजावलं होतं, पोरीच्या ताटात मिरचीचा कणही पडू देऊ नका. दुसऱ्याच दिवशी तिनं सासूबाईंच्या ताटातल्या ठेच्याकडे बोट दाखवलं, भाकरीच्या तुकड्यावर घेऊन खाल्ला आणि आणखी मागितला. मिरची मुळात तिच्याच देशाकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली आणि इतकी आपली झाली की ठेच्याशिवाय आपल्याला आपलं जेवण ओळखू येत नाही. मका तिकडचा, टोमॅटो तिकडचा, सीताफळ तिकडचं, आणि ज्याचा नगरकरांना अभिमान तो राहात्याचा पेरूसुद्धा मूळचा त्याच बाजूचा.

श्रावणी सोमवारी सासूबाईंनी तिच्या हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवला तेव्हा ती तो न खाता बराच वेळ बघत राहिली. मग फोनवर तिनं आम्हाला फोटो दाखवला. तिच्या गावच्या बाजारात विकायला मांडलेल्या, फुललेल्या राजगिऱ्याच्या वड्या. तिकडे त्या मधात किंवा आपल्या गुळासारख्या गुळात बांधतात. उपासाचं म्हणून आपण ज्याला इतकं सोवळ्यात ठेवलं ते धान्यही तिच्याच मुलखातून आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, “मग ही पाहुणी कसली? हिच्याच घरचं आपण खातोय.” प्रेमानं म्हणाल्या, पण तिचं पाहुणेपण त्यानं सरलं नाही. पुढे कितीतरी दिवस ती पाहुणीच होती. वाढलं तेवढं सगळं खायची, दाखवलं ते सगळं बघायची, नेलं तिथं यायची. चांदबीबीचा महाल, किल्ला, मोहट्याची देवी, शिर्डी. घरी येणाऱ्या प्रत्येकासमोर हसून उभी राहायची. फोटो काढून झाला की तिच्या चेहऱ्यावरून हसू कसं उतरतं ते मी दारातून बघायचे. ते मला चांगलंच ओळखीचं होतं.

थोडा फरक पडला तो पाण्यानं. आमच्या भागात तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही भल्या पहाटे. मुळा धरण भरलेलं असो की आटलेलं, पिंपं भरून ठेवायची सवय नगरच्या बाईच्या अंगातच असते, आणि आदल्या साली तर दुष्काळानं सगळ्यांनाच हैराण केलं होतं. एका पहाटे मी उठले तर ही अंगणात. तिनं आधीच नळी पिंपात सोडली होती, मोटरचं बटण कुठलं हे खुणेनं विचारत होती. तिच्या गावीही पाणी रोज येत नाही, गच्चीवर टाक्या असतात, आणि त्या भरणं हे तिचं काम असतं, असं नंतर कळलं. सासूबाईंना ते बघवेना, पोरीला परक्या घरात काम कशाला? मी म्हटलं, राहू द्या. त्या दिवसापासून पाण्याचा दिवस तिचा झाला. कॉलेजातून आली की पहिलं वाक्य, “उद्या पाणी?” मराठीत तिनं स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य असावं.

मात्र काम दिलं की माणूस घरचं होतं, एवढ्यावर मी थांबणार नाही. माझ्या नातेवाइकांकडे मला पहिल्या दिवसापासून काम होतं. मला वाटतं, प्रश्न असा विचारावा की त्या घरच्या मुलीलाही तेच काम आहे का, आणि एखाद्या दिवशी कंटाळा आला म्हणून ती ते टाळते तसं या मुलीला टाळता येईल का.

आमची मुलगी जर्मनीहून फोन करायची तेव्हा तिचाही असाच काहीतरी शोध चालू असायचा. तिकडे संध्याकाळचं जेवण थंडच, पाव, चीज, काकडीच्या चकत्या. थंडी पडली तरी सकाळी खिडक्या सताड उघडून घर वाऱ्याला लावायचं. कचऱ्याचे डबे वेगवेगळे, कागद निळ्यात, वेष्टनं पिवळ्यात, ओला कचरा तपकिरी डब्यात, आणि ते कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचे याचं वेळापत्रक स्वयंपाकघरात लावलेलं. रविवारी आवाज करायचा नाही. काचेच्या रिकाम्या बाटल्या गल्लीतल्या मोठ्या डब्यात टाकायच्या त्यासुद्धा रविवारी नाहीत, कारण फुटण्याचा आवाज होतो. हे सगळं ती भराभर शिकली. तिला जड गेलं ते वेगळंच. पहिल्या आठवड्यात त्या घरच्या बाईंनी विचारलं, आणखी हवं? ती रीतीप्रमाणे म्हणाली, नको. आपल्याकडे पहिलं नको हे बोलायचंच असतं, वाढणारी पुन्हा विचारते, तिसऱ्यांदा ताटात घालूनच मोकळी होते. तिथं बाईंनी भांडं उचलून ठेवलं. पोर उपाशी झोपली. फोनवर रडली. मला ऐकवेना, पण दुसऱ्या बाजूनं मनात आलं, त्या बाईंनी तिचा शब्द खरा मानला. या मुलीच्या आयुष्यात मोठ्या माणसानं तिचं ‘नको’ पहिल्या खेपेला ऐकून घेतल्याचं याआधी कधी घडलं होतं का?

आपल्या आग्रहात माया आहे, यात मला शंका नाही. दुष्काळी मुलखात दुसऱ्याच्या ताटात जास्तीचं वाढणं हे काही साधं नसतं. तरी त्या मायेत समोरच्याला काय हवं हे विचारायची जागा थोडी कमी असते. पाहुण्यानं दोन दिवस ते सोसावं, त्यात गंमतही असते. वर्षभर राहायला आलेल्या मुलानं काय करावं?

शिकणाऱ्या मुलाला घरात ठेवून घेण्याची आपली परंपरा जुनी आहे, आणि तिची दुसरी बाजूही तितकीच जुनी. पूर्वी गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात दिवस सात उंबरे. या सोयीनं कितीतरी मोठी माणसं घडली. पण वारावर जेवणाऱ्या मुलाला ही भाजी आवडत नाही असं कधी म्हणता आलं असेल? आणि हा उंबरा ज्या मुलांसाठी उघडतच नव्हता, त्यांचं काय? त्यांच्यासाठी कुणाच्या घराची वाट न बघता नवीन घरं बांधावी लागली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं काढायला सुरुवात केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग काढलं. तिथल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. नगर जिल्ह्यात रयतच्या शाळा गावोगाव आहेत. माझ्या वयाची जी माणसं बोर्डिंगात वाढली त्यांच्याशी बोलताना मला नेहमी एक जाणवतं. ती तिथल्या पातळ वरणाबद्दल, ढेकणांबद्दल, पहाटेच्या थंड पाण्याबद्दल मोकळेपणी तक्रार करतात. नातेवाइकांकडे राहिलेले आम्ही तशी तक्रार आजही करत नाही.

मी काही वर्षं पाथर्डी तालुक्यात शिक्षिका होते. दसरा-दिवाळी झाली की तिथली गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि परततात ते उन्हाळ्याच्या तोंडावर. शाळा बुडू नये म्हणून जी मुलं मागं राहतात ती आजीकडे, नाहीतर चुलत्याकडे. शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आली तेव्हा अशा मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय गावातच झाली, तरी रात्री अंथरूण टाकायला कुणाचं तरी घर लागतंच. सातवीतला एक मुलगा माझ्या वर्गात होता. आई-बाप तोडीवर, तो चुलत्याकडे. अभ्यासात चांगला, पण डोळ्यांत झोप. रात्री चुलत्याच्या गोठ्याची राखण तोच करत होता. मी म्हटलं, चुलत्याशी बोलते. तो घाबरला, “नको बाई, ते मला ठेवतात तेच लई आहे.” एवढं म्हणून तो गप्प झाला. त्या मुलाला मागता येत नव्हतं आणि नाकारताही येत नव्हतं. ओआहाकाची मुलगी आणि हा मुलगा यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मला कळतं. तिला परतीचं तिकीट होतं. तिच्या मागं एक संस्था होती, महिन्याला तिची विचारपूस करणारं माणूस होतं. तरी दुसऱ्याच्या छपराखाली झोपणाऱ्या मुलाला रात्री जे वाटतं, त्यातला काही भाग दोघांचा सारखाच असणार.

मराठी मुलीनं परदेशातल्या कुटुंबात राहून शिकण्याची अगदी सुरुवातीची आणि सगळ्यांत मोठी गोष्ट आनंदीबाई जोशांची. त्यांचे पती गोपाळराव यांनी बायकोच्या शिक्षणासाठी पत्रांतून मदत मागितली, ती पत्रं अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापली गेली आणि त्यांना सुचवलं गेलं ते धर्मांतर. तेच मासिक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आलं. त्यांनी कसलीही अट न घालता आपलं घर देऊ केलं. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि प्रत्यक्ष भेटण्याआधीच कार्पेंटरबाई आनंदीबाईंच्या मावशी झाल्या. १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून आगबोटीत बसलेली अठरा वर्षांची मुलगी जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली आणि मेडिकल कॉलेज सुरू होईपर्यंत या मावशींच्या घरी राहिली. निघण्याआधी कलकत्त्याजवळच्या (आपल्या जिल्ह्यातल्या नव्हे) श्रीरामपूरच्या सभेत तिनं बजावलं होतं की आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार. फिलाडेल्फियाच्या थंडीतही शाकाहार आणि साडी तिनं सोडली नाही. त्या हट्टानं तिच्या प्रकृतीची किंमत घेतली असेल, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्या घराबद्दल आदर वाटतो तो यासाठी की आमच्या घरी राहतेस तर आमच्यासारखी हो, असा हिशोब तिथं नव्हता. नवऱ्याच्या धाकात वाढलेल्या मुलीला आपल्या मनासारखं राहायला मिळालेलं ते कदाचित पहिलं घर असेल. ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली, आणि पुढच्या वर्षी २६ फेब्रुवारीला पुण्यात वारली. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथं आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. ती तिथं आजही आहे.

आमच्या घरातली पाहुणी घरची कधी झाली, याचा एक दिवस सांगता येणार नाही. पण दोन प्रसंग सांगता येतील.

पितृपंधरवड्यात तिनं सासूबाईंना कावळ्यासाठी पान ठेवताना पाहिलं होतं. भरड्याचे वडे, खीर, आमसुलाची चटणी. कुणासाठी, का, कावळाच का, असे प्रश्न विचारून तिनं त्यांना दमवलं होतं. मग दसऱ्याला मी झेंडूचं तोरण दाराला लावलं तर ती एकदम गप्प झाली. रात्री सांगितलं की तिच्या गावी ही फुलं मेलेल्या माणसांसाठी असतात. झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच. नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला तिकडे घरोघरी मृतांसाठी चौरंग मांडतात. त्यावर फोटो, पाण्याचा पेला, मीठ, त्यांना आवडणारे पदार्थ, मेणबत्त्या. आणि दारापासून चौरंगापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट, आलेल्यांना रस्ता सापडावा म्हणून. तिचे आजोबा आदल्या वर्षी गेले होते. मला आपल्या खोलीत एक कोपरा मिळेल का, असं तिनं विचारलं. घरात आल्यापासून, तो ठेचा सोडला तर, तिनं काही मागण्याची ही पहिली वेळ.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन ३ नोव्हेंबरला होतं. ऐन दिवाळीत, लक्ष्मी यायच्या आदल्या दिवशी घरात मृतांचा चौरंग! माझ्या यजमानांनी मान हलवली. नातेवाईक काय म्हणतील ते मलाही दिसत होतं. सासूबाईंनी पंचांग काढलं. पहिली तारीख धनत्रयोदशी, दुसरी नरकचतुर्दशी. म्हणाल्या, “पहिल्या दिवशी आपण यमाला दिवा लावतो, दुसऱ्या दिवशी यमतर्पण. तिची माणसं बरोबर दिवशी यायला निघाली आहेत. येऊ दे.” चितळे रोडच्या बाजारातून त्यांनी स्वतः झेंडू आणला. फोनमधला आजोबांचा फोटो आम्ही स्टुडिओत मोठा करून घेतला. संध्याकाळी सासूबाई आपल्या खोलीतून सासऱ्यांचा फोटो घेऊन आल्या आणि तिच्या आजोबांशेजारी ठेवला. पाण्याचा दुसरा पेलाही ठेवला. सासऱ्यांना आवडायची म्हणून शेव ठेवली. मी त्या घरात पंचवीस वर्षं होते, आणि सासूबाईंना सासऱ्यांविषयी इतकं बोलताना मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. अर्धं त्या मुलीला कळत नव्हतं, तरी ती ऐकत होती.

दुसरा प्रसंग लग्नसराईतला. सुप्याजवळ सासूबाईंच्या माहेरचं लग्न होतं. हिला जरीची साडी नेसवून न्यायची, सगळ्या भावकीला दाखवायची, असं त्यांच्या मनात कधीचं होतं. आदल्या रात्री साडी काढून ठेवली. सकाळी मुलगी खोलीतून आली ती घरच्या कपड्यांत. म्हणाली, “आजी, मी नाही येत. लोक फोटो काढतात. मला आज नको.” मराठी शुद्ध होतं, आवाज थोडा कापत होता. घरात कुणी काही बोलेना. यजमान मला डोळ्यांनी खुणावत होते, समजाव. मी समजावलं नाही. सासूबाईंनी साडीची घडी घातली आणि कपाटात ठेवली. लग्नात ज्यानं त्यानं विचारलं, तुमची ती परदेशातली मुलगी कुठे? मला वाटलं, त्या ताप आलाय म्हणतील, परीक्षा आहे म्हणतील. आपल्याकडे घरातलं कुणी आलं नाही की असंच काहीतरी सांगतात. त्या प्रत्येकाला एवढंच म्हणाल्या, “तिला यायचं नव्हतं, घरी आहे.” संध्याकाळी परतल्या तेव्हा पदरात बांधून तिच्यासाठी बुंदीचे लाडू आणले होते. तिनं ते खाल्ले, आणि भाजी जास्त वाढली तेव्हा म्हणाली, “आजी, बास, नको.” आजींनी हात आवरला.

त्यानंतर घरात तिचा वावरच बदलला. चिडायला लागली, दार आपटायला लागली, एका पहाटे पाणी भरायला उठलीच नाही. मला बरं वाटलं. जानेवारीत नियमाप्रमाणे ती बुरुडगाव रोडच्या दुसऱ्या कुटुंबात राहायला गेली. रुळलेल्या मुलाला असं उठवणं मला पसंत नाही, पण त्यामागचा विचार कळतो. एकाच घरावर भार पडू नये, आणि मुलानं एकाच घराला देश समजू नये. नव्या घरात तिनं पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगून टाकलं म्हणे, की तिला काय आवडतं आणि काय नाही.

२०१४च्या उन्हाळ्यात आमची मुलगी परत आली. आल्या आल्या पहाटे घरभर खिडक्या उघडायला लागली. कचऱ्याचे डबे वेगळे केले. सासूबाईंनी सुप्याला फोन करून सांगून ठेवलं होतं की रविवारी नातीला घेऊन येते, सगळ्यांना भेटवते. शनिवारी रात्री ती म्हणाली, “आजी, या रविवारी नको. मला घरी राहायचंय.” सासूबाई दुखावल्या. “तिकडं जाऊन हेच शिकलीस का?” ती म्हणाली, “हो.” बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनीच फोन लावला आणि तिकडे सांगितलं, “उद्या मी एकटी येते. पोर नको म्हणते.”

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जाणार हे धरलेलंच होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून सुप्याच्या प्रत्येक कार्याला मी त्यांच्याबरोबर गेले होते, आणि जायचं आहे का, असं मला कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “उद्या मीही नाही येत.” कारण दिलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. “बरं,” त्या म्हणाल्या, “मग पहाटे पाणी आहे, पिंपं तेवढी भरून घे.”